चुगल्याच्या मिशा

माझ्या पहिल्या कादंबरीत भोंडल्याचे एक प्रकरण आहे. हस्ताचा पाऊस नुकताच थांबलेला, अंगणात पाट मांडलेला, पाटावर हत्ती, आणि भोवती मुलींचा फेर. मुली खिरापत ओळखताहेत, कुणीतरी चुकते, सगळ्या हसतात. कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा एका परीक्षणकर्त्याने या प्रकरणाचा खास उल्लेख केला होता, आणि त्यात ग्रामसंस्कृतीचे मनोहर दर्शन घडते असे म्हटले होते. ते कात्रण मी कितीतरी दिवस पाकिटात बाळगले. आज ते वाक्य आठवले की मला ओशाळे वाटते. कारण सरळ आहे. ते प्रकरण उचलून बाजूला ठेवले तर कादंबरीचे काही म्हणजे काही बिघडत नाही. कोणाचे भाग्य त्या संध्याकाळी पालटत नाही, कोणाला काही कळत नाही, कोणी काही लपवत नाही. सण आहे, आणि तो शोभेला आहे.

हे मला उमगले ते कोणा टीकाकारामुळे नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे (आता त्या परीक्षेला कुणी मॅट्रिक म्हणत नाही, ही गोष्ट वेगळी). त्यानंतर चित्रकलाशिक्षकाची परीक्षा दिली आणि कल्याणजवळच्या एका शाळेत लागलो, तो आजतागायत तिथेच आहे. सौंदर्यशास्त्राचे मोठे ग्रंथ मी वाचले आहेत ते घाईघाईने, मधल्या सुट्टीत. तेव्हा पुढे जे लिहितो आहे त्यात पंडिताचा अधिकार नाही. एका लेखकाची आणि मास्तराची कबुली आहे, एवढे समजून वाचावे.

आमच्याकडे सातवीच्या वर्गाला लोककला हा भाग असतो. वारली आणि मधुबनी या दोन्ही मुलांच्या आवडीच्या, कारण त्यांत माणसाचे नाक जमले नाही तरी चालते. एका वर्षी मी एका जुन्या दिनदर्शिकेवरून फळ्यावर आकृती काढली. मध्ये उभा देठ, त्याच्याभोवती कमळाच्या पानांची गोल वर्तुळे, कडेला बांबू, पोपट, मासे, कासव. मुलांना सांगितले, कंपासपेटीच्या झाकणावर हे रंगवून आणा. दुसऱ्या दिवशी एका मुलीने पेटी कोरीच आणली, आणि तिसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. मधुबनी जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लग्न होऊन आलेली, वीस वर्षे आमच्याच बाजूला राहिलेली बाई. मराठी चांगले बोलते. तक्रारीचा सूर मुळीच नव्हता. म्हणाली, "सर, हे कोहबर आहे. लग्नाच्या खोलीत भिंतीवर काढतात. मुलांनी काढू नये असं माझं म्हणणं नाही. पण लग्न कोणाचं आहे ते तरी सांगा!"

मी हसलो, ती हसली, आणि प्रकरण मिटले. पण तिचे ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. टीकेच्या परिभाषेत आपण आशय आणि घाट असे म्हणतो. त्या बाईने तीच गोष्ट माझ्यापेक्षा पुष्कळ थोडक्यात सांगितली होती. घाट मी फळ्यावर उतरवला होता. लग्न कोणाचे, हे माझ्या गावीही नव्हते.

या चित्रांची बाहेरच्या जगाशी गाठ कशी पडली तो इतिहास बहुतेकांना थोडाफार ठाऊक असतो. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपात बिहारमधली असंख्य घरे कोसळली. मधुबनीला त्या वेळी डब्ल्यू. जी. आर्चर हा इंग्रज अधिकारी होता. पडलेल्या भिंतींतून घरांच्या आतल्या खोल्या उघड्यावर आल्या आणि त्याला ही चित्रे दिसली. १९४९ मध्ये त्याने 'मार्ग' त्रैमासिकात त्यांवर लेख लिहिला. मला नेहमी वाटते की एखाद्या कलेची ओळख जगाला घर पडल्यामुळे व्हावी, यात काहीतरी अशुभ आहे. पुढे १९६६-६७ च्या दुष्काळात पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या मुंबईच्या चित्रकाराला तिकडे पाठवले. त्यांनी बायकांना कागद दिला आणि भिंतीवरचे कागदावर काढायला सांगितले. याच कुलकर्ण्यांचे नाव आपल्याकडे वारली चित्रे शहरात आणण्याच्या कामातही घेतले जाते. जितवारपूरच्या जगदंबा देवी, सीता देवी, पुढे गंगा देवी यांना पद्मश्री मिळाल्या, घरात चार पैसे आले, बायकांच्या सह्या चित्राखाली पडू लागल्या. भिंतीला सही नसते, कागदाला असते. कागदाने कला बाटली म्हणून गळा काढणारे लोक असतात. दुष्काळात त्यांच्या घरी चूल पेटत होती एवढेच मी म्हणेन.

परंतु माझा विषय चित्र नव्हे, सण आहे. २०२३ साली दिवाळीच्या सुट्टीला काही दिवसांची रजा जोडून मी त्या बाईच्या माहेरी गेलो. तिचा आग्रह होता, आणि खरे सांगायचे तर मला नव्या कादंबरीसाठी काही 'सामग्री' मिळेल असा लोभही होता. कुर्ल्याहून सुटणारी पवन एक्सप्रेस दीड दिवसाहून अधिक वेळ घेते. छठसाठी घरी निघालेली माणसे डब्यात पाय ठेवायला जागा नाही अशी भरलेली होती. छठविषयी मी फारसे लिहीत नाही. त्यावर आता सगळेच लिहितात. पोखरीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाण्यात कमरेइतके उभे राहून आधी मावळत्या आणि मग उगवत्या सूर्याला अर्घ्य देणाऱ्या बाया मी पाहिल्या, ठेकुआ खाल्ला, आणि माझ्यातल्या लेखकाने वहीत भराभर टिपणे केली. ती टिपणे आज वाचली की भोंडल्याच्या प्रकरणाचीच आठवण होते.

छठ आटोपताच गाव बदलले. पुरुष निघाले. दिल्ली, पंजाब, सुरत, मुंबई. ज्यांचे परतीचे तिकीट होते ते गेले, ज्यांचे नव्हते तेही गेले. आणि त्याच सुमारास संध्याकाळी मुली आणि लग्न झालेल्या माहेरवाशिणी मातीच्या पक्ष्यांनी भरलेल्या बांबूच्या टोपल्या डोक्यावर घेऊन बाहेर पडू लागल्या. हा सामा-चकेवा. छठनंतर सुरू होतो आणि कार्तिकी पौर्णिमेला संपतो. टोपलीत सामा आणि तिचा नवरा चकेवा, सात भाऊ एका ओळीत जोडलेले, एक कुत्रा, गवताकाडीचे वृंदावन, आणि चुगला. चुगला म्हणजे चहाडखोर. त्याला तागाच्या लांब मिशा लावलेल्या असतात. रोज रात्री शेताच्या कडेला जाऊन बाया गाणी म्हणतात, सामाला दवाने भिजलेले गवत चारतात, वृंदावनाला आग लावून विझवतात, आणि चुगल्याच्या मिशा जाळतात. मिशा जाळताना ज्या शिव्या घातल्या जातात त्यांचा अर्थ मी विचारला तेव्हा सगळ्या जणी पदर तोंडाला लावून हसल्या.

कथा अशी. सामा ही श्रीकृष्णाची मुलगी. चुगल्याने बापाच्या कानाशी लागून तिच्यावर खोटा आळ घेतला. बापाने शाप दिला आणि ती पक्षी झाली. तिचा नवरा तिच्यासाठी आपण होऊन चक्रवाक झाला. भाऊ सांब याने तप करून बहिणीला पुन्हा माणसात आणले. हिवाळ्याच्या तोंडाला उत्तरेकडून पक्षी तळ्यांवर उतरतात, तेव्हा सामा माहेरी आली असे मानायचे.

ही कथा ऐकत असताना माझ्यातला मराठी माणूस मध्येच जागा झाला. आळ, कृष्ण, हे मी कुठे ऐकले आहे? गणेशचतुर्थीला! भाद्रपद शुद्ध चतुर्थीला आपण चंद्र पाहत नाही. पाहिला तर चोरीचा आळ येतो. स्यमंतक मण्याच्या चोरीचा आळ कृष्णावर आला तो चंद्र पाहिल्यामुळे, अशी कथा आपल्या आया सांगतात आणि त्या रात्री आपल्याला खिडकीशी उभे राहू देत नाहीत. मिथिलेत त्याच तिथीला, त्याच रात्री चौरचन असते. तिथे अंगणात तांदळाच्या पिठाचे अरिपन काढतात, मातीच्या भांड्यात दही लावतात, आपल्या करंजीसारखी पिरुकिया तळतात, आणि घरातली सगळी माणसे हातात फळ किंवा दही घेऊन चंद्रासमोर उभी राहतात. हेतू तोच, खोट्या आळापासून सुटका. आपण मान खाली घालून जो आळ चुकवतो तो त्यांनी मान वर करून, हातात काहीतरी देण्यासारखे घेऊन चुकवायचा. एकाच भयाला दोन प्रांतांनी इतकी उलटी उत्तरे द्यावीत, आणि दोन्हीकडे स्यमंतकाचीच कथा सांगावी, याचे मला फार नवल वाटले. कोणते उत्तर बरोबर, असे विचारण्यात अर्थ नाही. पण तिकडे जाऊन आल्यापासून गणपतीच्या रात्री मी मुद्दाम गच्चीवर जातो, हेही सांगून टाकतो.

आता या दोन कथा शेजारीशेजारी ठेवा. ज्याच्यावर खोटा आळ आला, ज्याला तो धुऊन काढण्यासाठी अरण्यात आणि गुहेत जावे लागले, तोच कृष्ण आपल्या मुलीवरच्या आळावर एका चहाडखोराच्या शब्दावरून विश्वास ठेवतो. स्वतःच्या निर्दोषपणाचा पुरावा त्याने मणी शोधून दिला. मुलीकडे पुरावा मागितलादेखील नाही. माझ्या मते सामा-चकेवाचे सगळे नाट्य इथे आहे. आणि विधी काय करतो? रोज रात्री चुगल्याच्या मिशा जाळतो. बापाला कोणी बोट लावत नाही. टोपलीत बापाची मूर्ती असते असे मला तरी कुठे दिसले नाही.

हा दोष म्हणायचा की कसब? आमच्यासारख्या लेखकाने ही कथा लिहायला घेतली असती तर बापाच्या मनाचे पृथक्करण करीत बसलो असतो. त्याला पश्चात्ताप तरी दिला असता, नाहीतर खलपुरुष तरी केले असते. मी हे तिथल्या एका म्हाताऱ्या काकीला विचारले. माझ्या विद्यार्थिनीची आई मध्ये दुभाषी होती. मी म्हटले, "काकी, शाप बापाने दिला आणि मिशा चुगल्याच्या जळतात, हे कसे?" काकींनी माझ्याकडे, शहरातून आलेल्या मुलाकडे पाहावे तसे पाहिले. म्हणाल्या, "मास्टर साहेब, बापाच्या मिशा जाळल्या तर मग पुढच्या वर्षी माहेरी यायचं कुणाकडे?"

या उत्तरापुढे माझी टीका संपते असे मी त्या रात्री वहीत लिहिले. आता वाटते, संपत नाही, तिथे सुरू होते. कारण ही बाई भाबडी नव्हती. तिला सगळे ठाऊक होते. हा सण म्हणजे भाऊबहिणीच्या प्रेमाचे गोड चित्र, असे जे सर्वत्र लिहिले जाते ते अर्धेच खरे आहे. माहेरावर ज्यांचा हक्क भावाच्या मर्जीपुरता उरतो त्या बायकांनी आपली बाजू मांडण्यासाठी रचलेली ही कलाकृती आहे, आणि त्यात काय बोलायचे नाही हेही त्यांनीच ठरवले आहे. न बोललेले सर्वांना ऐकू जाते. आपल्याकडच्या भोंडल्याच्या आणि भुलाबाईच्या गाण्यांत सासूसासरे, नणंदा, माहेरची ओढ हे सगळे असते. मी त्यातला फक्त फेर पाहिला आणि फेर लिहिला.

मात्र जे बायकांचे आणि जुने ते सगळे गूढ आणि सुंदर, असे म्हणत सुटण्याची एक नवी खोड आपल्याला लागली आहे, तिच्याविषयी बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. मिथिलेत नव्या नवरीची मधुश्रावणी असते. आपल्या पंचांगाप्रमाणे आषाढ वद्य पंचमीपासून श्रावण शुद्ध तृतीयेपर्यंत, म्हणजे नागपंचमीच्या दोन दिवस आधी संपणारी. नवरी माहेरी असते, अन्न सासरहून आलेले आणि अळणी. संध्याकाळी मैत्रिणींबरोबर फुले तोडायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच शिळ्या फुलांनी विषहरेची, सर्पदेवतेची पूजा करायची. कथा सांगणारी बाईच, पुरोहित पुरुष नाही. इतके सगळे ऐकून कोणाही रसिकाला भरून यावे. आणि शेवटच्या दिवशी टेमी. नवरा विड्याच्या पानाने बायकोचे डोळे झाकतो आणि जळत्या वातीने तिच्या गुडघ्याला चटका देतात. फोड आला की सौभाग्य दृढ. मी ज्या घरी उतरलो होतो तिथल्या सुनेने साडी चार बोटे वर करून तो डाग दाखवला. अभिमानाने की नुसते माहिती म्हणून, ते मला ओळखता आले नाही. अलीकडे कित्येक घरी वात विझवून नुसती टेकवतात, तिला शीतल टेमी म्हणतात. म्हणजे परंपरा बदलते, आणि ती बदलणारी माणसे घरातलीच असतात. परंपरेची बूज राखायची म्हणून या चटक्याचे प्रतीक करून टाकणे मला जमणार नाही. प्रतीकाला फोड येत नाही.

मैथिलीभाषी लेखकांनी या भाबडेपणापासून स्वतःला वाचवले, आणि ते आपल्या प्रादेशिक कादंबरीच्या ऐन बहराच्या काळातच. 'गारंबीचा बापू' १९५२ चा, 'बनगरवाडी' १९५५ ची. त्याच काळात नागार्जुनांची 'बलचनमा' १९५२ साली आणि रेणूंची 'मैला आँचल' १९५४ साली आली. नागार्जुन मैथिलीत 'यात्री' या नावाने लिहीत. 'पारो' ही त्यांची मैथिली कादंबरी त्याच्याही आधीची, १९४६ ची. हरिमोहन झा यांचे खट्टर काका भांगेच्या तारेत साऱ्या शास्त्रांची थट्टा करतात, आणि ज्या समाजाची थट्टा होते तोच ते चवीने वाचतो. रेणूंच्या पुस्तकात गाणी आणि ढोलाचे बोल भरभरून आहेत. त्यांची पूर्णियाची माणसे गाण्यातूनच भांडतात आणि गाण्यातूनच काही कबूल करतात, म्हणून ती पाने गाळता येत नाहीत. पण माझ्या मनात घर करून राहिला तो बलचनमा. आरंभीच मालकाच्या बागेतल्या आंब्यापायी त्याच्या बापाला खांबाला बांधून मारतात. मिथिलेवर लिहिणारा प्रत्येक जण आमराईचे वर्णन करतो. नागार्जुनांनीही केले, फक्त आंबा कोणाचा हे विचारून केले.

मी पाहिलेल्या गावालाही हा प्रश्न विचारायला हवा होता, तो मी उशिरा विचारला. माझ्या सगळ्या संध्याकाळी ब्राह्मणटोल्यात गेल्या होत्या. कोहबर, अरिपन, मधुश्रावणी हे सारे मी तिथल्या अंगणातून पाहत होतो. दुसाध टोल्यात राजा सलहेसाचे स्थान आहे, तिथे वेगळी गाथा आणि वेगळी पूजा. कागद आला तेव्हा तोही आधी ब्राह्मण आणि कायस्थ बायकांच्या हाती आला. दुसाध बायकांची चित्रे नंतर पुढे आली, आणि अंगावरच्या गोंदणातून त्यांनी आपली स्वतंत्र रेषा उभी केली. निघण्याच्या आदल्या दिवशी मी त्या टोल्यात तासभर बसलो. तासाभरात काय कळणार? कळल्याचा आव आणून मी इथे चार ओळी लिहिणार नाही.

एका भिंतीची गोष्ट मात्र सांगायला हवी. गंगा देवी आजारी होत्या, दिल्लीत त्यांच्यावर कर्करोगाचे उपचार चालू होते, त्या काळात त्यांनी तिथल्या हस्तकला संग्रहालयात एक अख्खे कोहबर घर रंगवले. १९९१ साली त्या गेल्या. पुढे २०१५ च्या सुमारास, नूतनीकरणाच्या कामात, त्या भिंती नष्ट झाल्या. पुष्कळ हळहळ झाली. त्यावर कोणी असेही म्हणू शकेल की भिंतीवरचे कोहबर टिकण्यासाठी नसतेच. गावात नवे लग्न निघाले की जुने चित्र सारवून टाकतात, मग एवढा शोक कशाला? हा युक्तिवाद मलाही काही काळ पटला होता. पण काकींच्या घरची भिंत सारवतात तेव्हा तिच्यावर पुन्हा काढणारा हात त्याच घरात उभा असतो. दिल्लीच्या त्या भिंतीवर पुन्हा काढायला गंगा देवी येणार नव्हत्या. पुसणे दोन्हीकडे सारखेच दिसते. लग्न कोणाचे आहे हे विचारले की फरक कळतो.

कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री बायका नांगरलेल्या शेतावर जमल्या. सामाला निरोप द्यायचा. विधी असा की भावांनी आपल्या गुडघ्यावर ठेवून त्या मातीच्या मूर्ती फोडायच्या. मग बहिणी भावांच्या ओच्यात चुरा आणि गूळ घालतात. चांदणे स्वच्छ होते, टोपल्या दहा-बारा होत्या, आणि फोडायला भाऊच नव्हते. एक जण लुधियानात, दोघे दिल्लीत, माझ्या विद्यार्थिनीचा मामा त्या दिवशी सकाळीच सुरतेच्या गाडीत बसला होता. एका मुलीने भावाला दूरध्वनीवर चित्रासह बोलावले होते. तो गोदामातल्या दिव्याखाली उभा राहून हसत होता आणि लवकर आटपा म्हणत होता. शेवटी एका आठ वर्षांच्या पोराला पुढे केले. आधी त्याला मजा वाटली. चौथ्या-पाचव्या टोपलीनंतर गुडघा दुखू लागला, तो रडकुंडीला आला, आणि बायका त्याला समजावीत, हसत, एकेक मूर्ती त्याच्या हातात देत राहिल्या. त्याच्या सदऱ्याच्या ओच्यात सगळ्यांचा चुरा मावेना. मला कोणी पुढे बोलावले नाही, आणि बोलावले नाही हे ठीकच झाले.

त्या पहिल्या कादंबरीची नवी आवृत्ती निघते आहे. भोंडल्याचे प्रकरण काढून टाकावे असे प्रकाशकांना कळवले होते, मग पुन्हा पत्र पाठवून थांबवले. त्या प्रकरणात एक बाई आहे. मुली फेर धरतात तेव्हा ती पाटापासून उठून आत जाते. एवढेच एक वाक्य. वाक्याचा तोल साधावा म्हणून मी तिला आत पाठवले होते. ती आत का गेली, कोणाशी बोलायचे टाळून गेली, हे आता लिहितो आहे. प्रकरणाची तीन पाने झाली आहेत आणि हत्ती अजून आलेला नाही.